माहितीपुस्तिकेचे घर : मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या दस्तऐवजीकरणाविषयी

प्रस्तावना

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते त्याचा भर बहुधा दोन गोष्टींवर असतो. ते विनामूल्य मिळते आणि त्याचा सोर्स कोड वाचता व बदलता येतो. तिसऱ्या गोष्टीची चर्चा क्वचितच होते. ते सॉफ्टवेअर कसे बसवावे, कसे चालवावे आणि बिघडल्यास काय करावे हे सांगणारी माहितीपुस्तिका कोणी लिहायची, ती कोठे ठेवायची, आणि तिचा पत्ता दहा वर्षांनंतरही तोच राहील याची काळजी कोणी वाहायची? विक्रीच्या सॉफ्टवेअरबाबत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण विकणारी कंपनीच पुस्तिका देते आणि आपल्या संकेतस्थळावर ठेवते. मुक्तस्रोत प्रकल्पास मात्र अनेकदा मालकच नसतो. तेथे चार देशांतील वीस स्वयंसेवक काम करीत असतात, आणि त्यांच्यापैकी सर्व्हरचे भाडे कोण भरतो हे उरलेल्यांस ठाऊक असेलच असे नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार दोन प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे केला आहे. पहिले उदाहरण आपल्या परिचयाच्या कोहा या ग्रंथालय-प्रणालीचे आहे. दुसरे रीड द डॉक्स या सेवेचे आहे. तांत्रिक बाबी आवश्यक तेवढ्याच सांगितल्या असून संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकांसही विवेचन समजावे असा प्रयत्न आहे. महाविद्यालयांतून आता लहानमोठी सॉफ्टवेअरे तयार होऊ लागली आहेत. भाषाशास्त्राच्या विभागात शब्दसूचीचे साधन तयार होते, भूगोलाच्या विभागात नकाशांचे आणि सांख्यिकीच्या विभागात आर भाषेतील एखादे पॅकेज. म्हणून हा प्रश्न केवळ परदेशातील मोठ्या प्रकल्पांचा राहिलेला नाही.

पूर्वपीठिका

सॉफ्टवेअर आणि पुस्तिका एकत्र असावीत हा विचार नवा नाही. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेने काढली. तीत प्रत्येक आज्ञेस स्वतंत्र पान दिलेले होते. ही पाने पुढे संगणकातच साठवली जाऊ लागली आणि 'मॅन' ही आज्ञा दिली की पडद्यावर दिसू लागली. त्या काळी पुस्तिकेच्या घराचा प्रश्नच नव्हता. जेथे यंत्र तेथे पुस्तिका, अशी ती व्यवस्था होती. पर्लच्या परंपरेत १९९५ मध्ये सुरू झालेल्या सीपॅन या भांडारातही प्रत्येक मोड्यूलच्या फाइलीतच त्याची माहिती लिहिलेली असे.

महाजालाचा प्रसार झाल्यावर पुस्तिका यंत्रातून बाहेर पडून संकेतस्थळावर गेली. वाचकाची त्यात मोठीच सोय झाली. पण त्याच वेळी सॉफ्टवेअर एका ठिकाणी आणि त्याचे वर्णन दुसऱ्या ठिकाणी अशी फारकतही झाली. या लेखात ज्या अडचणींचा विचार करावयाचा आहे त्यांपैकी बहुतेक या फारकतीतून जन्मल्या आहेत.

कोहाचे उदाहरण

कोहा हा माओरी भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ भेट असा आहे. न्यूझीलंडमधील होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी ग्रंथालय-प्रणाली सन २००० च्या तारखा हाताळू शकणार नव्हती. म्हणून १९९९ मध्ये त्या ट्रस्टने काटिपो कम्युनिकेशन्स या संस्थेकडून नवी प्रणाली लिहवून घेतली. ती जानेवारी २००० मध्ये कामास लागली आणि मुक्त परवान्याखाली सर्वांना देण्यात आली. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांत आज ती वापरात आहे.

मे २०१६ पासून कोहाच्या आवृत्त्यांना वर्ष आणि महिना यांवरून क्रमांक दिले जातात. १६.०५ म्हणजे २०१६ च्या मे महिन्यातील आवृत्ती. वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबर महिन्यांत, नवी आवृत्ती निघते. आता पुस्तिकेची अडचण पाहा. वाचकांच्या शोधपानावर, म्हणजे ओपॅकवर, ग्रंथालयाची सूचना किंवा चित्र लावावयाचे असेल तर तो मजकूर पूर्वी सिस्टिम प्रेफरन्स या विभागात लिहावा लागे. पुढील आवृत्त्यांमध्ये यांतील अनेक सोयी टप्प्याटप्प्याने तेथून काढून 'न्यूज' या साधनाकडे आणि त्यानंतर 'एचटीएमएल कस्टमायझेशन्स' या स्वतंत्र साधनाकडे नेण्यात आल्या. ज्या ग्रंथालयात जुनी आवृत्ती चालू आहे तेथील ग्रंथपाल नव्या आवृत्तीची पुस्तिका उघडून बसला तर तीत सांगितलेले साधन त्याच्या पडद्यावर नसतेच. नवी आवृत्ती बसवलेला ग्रंथपाल जुने पान वाचत असेल, तर नसलेला प्रेफरन्स शोधण्यात त्याची दुपार जाते. पुस्तिका चुकीची नाही आणि ग्रंथपालही चुकलेला नाही. दोघांच्या आवृत्त्या फक्त जुळत नाहीत.

कोहाच्या पुस्तिकेत म्हणूनच प्रत्येक आवृत्तीचा पत्ता निराळा असतो, आणि 'लेटेस्ट' असा एक पत्ता सदैव सर्वांत नव्या आवृत्तीकडे नेतो. पूर्वी डॉकबुक या स्वरूपात लिहिली जाणारी ही पुस्तिका आता स्फिंक्सच्या पद्धतीने लिहिली जाते. तिचा मूळ मजकूर गिटलॅबवरील भांडारात साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये असतो, आणि त्याचे अनेक भाषांत अनुवादही होतात.

मूळ मजकूर आणि बांधणी

स्फिंक्स म्हणजे काय, हे येथे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. पायथन या भाषेची अधिकृत माहितीपुस्तिका दीर्घकाळ लाटेक या अक्षरजुळणीच्या पद्धतीने लिहिली जात असे. लाटेकमध्ये गणिताची समीकरणे सुरेख उमटतात, पण आज्ञांचे व्याकरण नवख्या लेखकास घाबरवते. प्रोग्रामर कोड देत आणि पुस्तिकेचा परिच्छेद द्यावयाचे टाळत. २००७ मध्ये गेऑर्ग ब्रांडल यांनी ही सर्व पुस्तिका रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट या सोप्या लेखनपद्धतीत आणली. त्या कामासाठी तयार केलेले साधन मार्च २००८ मध्ये स्फिंक्स या नावाने स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. रीस्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये शीर्षकाखाली रेघ मारली की ते शीर्षक होते आणि शब्दाच्या दोन्ही बाजूंस तारका लावल्या की तो तिरपा होतो. मूळ फाइल कोणत्याही साध्या संपादकात उघडून डोळ्यांनी वाचता येते.

हा मूळ मजकूर घेऊन स्फिंक्स त्यातून संकेतस्थळाची पाने, पीडीएफ आणि ई-पुस्तक अशी निरनिराळी रूपे बांधते. 'बांधणे' हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. बायंडर ज्याप्रमाणे सुटे फर्मे घेऊन त्यांचा ग्रंथ करतो, त्याप्रमाणे हे साधन सुट्या फाइली घेऊन अनुक्रमणिका, सूची आणि परस्परसंदर्भ यांसह पुस्तिका सिद्ध करते. महत्त्वाची गोष्ट अशी की बांधलेली पुस्तिका केव्हाही टाकून देता येते, कारण मूळ मजकुरातून ती पुन्हा बांधता येते. जपावयाचा असतो तो मूळ मजकूर, आणि तो कोडबरोबर एकाच भांडारात असला तर कोडच्या प्रत्येक बदलाबरोबर पुस्तिकेतील बदलाचीही नोंद राहते. आवृत्ती ३.२ चा कोड मागितला की आवृत्ती ३.२ चीच पुस्तिका हाती येते. वर उल्लेखिलेली फारकत येथे बऱ्याच अंशी भरून निघते.

वर्डच्या फाइलीत पुस्तिका लिहून तिची पीडीएफ संकेतस्थळावर चढवण्याची पद्धत आपल्या महाविद्यालयांत रूढ आहे. तिच्यात हे साधत नाही. अंतिम, सुधारित अंतिम आणि खरोखर अंतिम अशी नावे असलेल्या फाइलींपैकी कोणती कोणत्या आवृत्तीची, हे वर्षभराने खुद्द लेखकालाही सांगता येत नाही.

रीड द डॉक्स : बांधणारा आणि ठेवणारा

मूळ मजकूर भांडारात आला तरी प्रत्येक बदलानंतर पुस्तिका बांधून सर्व्हरवर चढवण्याचे काम उरतेच. कोणीतरी ते करावयाचे असते, आणि हा 'कोणीतरी' परीक्षेच्या काळात किंवा नोकरी बदलताना हमखास नाहीसा होतो. एरिक होल्शर, चार्ल्स लायफर आणि बॉबी ग्रेस या तिघांनी २०१० मध्ये जँगो डॅश या ४८ तासांच्या स्पर्धेत रीड द डॉक्स ही सेवा तयार केली, ती नेमकी ही उणीव भरून काढण्यासाठी. मुक्तस्रोत प्रकल्पांना ती आजही विनामूल्य उपलब्ध आहे.

तिचे कार्य असे चालते. प्रकल्पाच्या भांडारात नवा बदल दाखल झाला की भांडार या सेवेस तशी सूचना पाठवते. सेवा मूळ मजकुराची ताजी प्रत घेते आणि एका तात्पुरत्या, बंदिस्त संगणकीय वातावरणात आवश्यक साधने बसवून पुस्तिका बांधते. तयार पाने प्रकाशित होतात आणि ते वातावरण नष्ट केले जाते. ते बंदिस्त असण्यास कारण आहे. पुस्तिका बांधताना स्फिंक्स प्रकल्पाचा स्वतःचा पायथन कोडही चालवू शकते. म्हणजे ही सेवा अनोळखी लोकांनी लिहिलेला कोड आपल्या यंत्रावर चालवण्यास मान्यता देत असते. प्रत्येक बांधणीस स्वतंत्र खोली देणे आणि काम संपताच ती खोली पाडून टाकणे हाच त्यावरील व्यवहार्य उपाय होय.

हीच सावधगिरी पत्त्यांबाबतही घ्यावी लागली. सुरुवातीस सर्व प्रकल्पांच्या पुस्तिका सेवेच्या मुख्य नावाखालीच, म्हणजे रीडद डॉक्स.ऑर्गच्या उपनावांवर, ठेवलेल्या होत्या. एकाच नावाखालील पाने ब्राउझरच्या दृष्टीने एका कुटुंबातील मानली जातात. त्यामुळे एखाद्या पुस्तिकेच्या पानात कोणी खोडसाळ कोड घातला तर तो मुख्य स्थळावरील वापरकर्त्यांच्या प्रवेशखुणांना उपद्रव देऊ शकतो. एप्रिल २०१६ मध्ये सर्व पुस्तिका निराळ्या .आयओ नावाखाली हलवण्यात आल्या. गिटहबने आपल्या पेजेस या सेवेबाबत हेच एप्रिल २०१३ मध्ये केले होते. जुन्या पत्त्यांवर येणाऱ्यास दोन्ही ठिकाणी नव्या पत्त्याकडे पाठवण्याची व्यवस्था ठेवली गेली, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. पत्ता बदलावा लागला तरी पाटी जुन्या दारावर राहू द्यावी, एवढे सौजन्य फार थोडी संकेतस्थळे दाखवतात. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच पत्ते बदलू नयेत असा आग्रह एका टिपणात धरला होता, परंतु आपल्या विद्यापीठांची संकेतस्थळे दर नूतनीकरणात जुने सारे दुवे मोडतात, हा अनुभव वाचकांस नवा नसेल.

बांधणी आपोआप होते याचा अर्थ ती बिघडत नाही असा मात्र नाही. पुस्तिका जेव्हा प्रथम बांधली गेली तेव्हाची पायथनची, स्फिंक्सची आणि त्यांवर अवलंबून असलेल्या साधनांची आवृत्ती निराळी असते. तीन वर्षांनी तीच फाइल नव्या साधनांनी बांधावयास घेतली की अनपेक्षित चुका दिसतात. कोणती आवृत्ती वापरावी हे प्रकल्पाने लिहून ठेवलेले असेल तरच हे टळते. सप्टेंबर २०२३ पासून रीड द डॉक्सने अशी सूचनाफाइल प्रत्येक प्रकल्पास अनिवार्य केली. ज्या जुन्या प्रकल्पांना सांभाळणारे कोणी उरले नव्हते त्यांच्या नव्या बांधण्या त्यामुळे थांबल्या. पूर्वी बांधलेली पाने मात्र राहिली. प्रस्तुत लेखकास हा निर्णय कठोर असला तरी योग्य वाटतो.

जुनी पाने ठेवावीत की काढावीत

पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. तिची पुस्तिका मात्र आजही आपल्या जागी आहे, आणि ते योग्यच आहे. जुनी यंत्रे आणि जुने प्रबंध यांना तिची गरज लागतेच. २०१२ च्या एखाद्या संशोधनातील गणन पुन्हा करून पाहावयाचे असेल तर त्या काळच्या आज्ञेचा त्या काळचा अर्थच हवा असतो. पेच असा की शोधयंत्रास वय कळत नाही. जुन्या पानाकडे जगभरातून वर्षानुवर्षे दुवे आलेले असतात, म्हणून शोधयंत्र तेच पान वर दाखवते. विद्यार्थी ते उघडतो, त्यातील आज्ञा टंकतो आणि ती चालत नाही म्हणून निराश होतो.

यावर दोन साध्या उपायांनी पुष्कळ काम होते. पहिला उपाय पानाच्या माथ्यावर ठळक इशारा देण्याचा आहे. पायथनच्या जुन्या आवृत्तीच्या पानांवर ही आवृत्ती आता सांभाळली जात नाही अशी पट्टी दिसते आणि नव्या पानाचा दुवा दिलेला असतो. दुसरा उपाय वाचकास दिसत नाही. पानाच्या अंतर्भागात शोधयंत्रासाठी 'या मजकुराचे प्रमाण पान अमुक आहे' अशी खूण ठेवता येते, आणि ती प्रत्येक जुन्या आवृत्तीतून नव्या आवृत्तीकडे वळवता येते. दोन्ही उपाय एकदाच करून ठेवावे लागतात.

पुस्तिका काढून टाकण्याचा सल्ला कधी कधी दिला जातो, तो मात्र स्वीकारू नये. नियतकालिकातील एखाद्या शोधनिबंधात तळटीपेत दिलेला दुवा निकामी झाला तर वाचकास लेखकाचे विधान पडताळता येत नाही. ही हानी पुस्तिकेपुरती राहत नाही.

पत्ता कोणाचा

आता कोहाकडे पुन्हा वळू. २००७ मध्ये काटिपोने आपला कोहाविषयक व्यवसाय लिबलाइम या अमेरिकी कंपनीस दिला आणि त्याबरोबर कोहा.ऑर्ग हे नावही तिच्याकडे गेले. मार्च २०१० मध्ये पीटीएफएस या दुसऱ्या कंपनीने लिबलाइम विकत घेतली. या काळात जगभरातील कोहा-समुदाय आणि नावाचा धारक यांच्यात एकवाक्यता राहिली नाही. अखेर समुदायाने कोहा-कम्युनिटी.ऑर्ग असे वेगळे नाव घेऊन आपले सारे साहित्य, माहितीपुस्तिकेसह, तेथे नेले. समुदायाची मालमत्ता विश्वस्त या नात्याने होरोफेनुआच्या ग्रंथालय ट्रस्टकडे असावी असे ठरले. २०११ मध्ये न्यूझीलंडमधील व्यापारचिन्हावरूनही वाद झाला आणि त्या लहानशा ग्रंथालयाने कायदेशीर खर्चासाठी जगास मदतीचे आवाहन केले.

या प्रकरणात कोड गेला नाही, कारण तो मुक्त परवान्याखाली होता आणि सर्वांकडे त्याच्या प्रती होत्या. पुस्तिकेचा मजकूरही नेता आला. मागे राहिला तो केवळ पत्ता. पण पुस्तकांत छापलेले, प्रशिक्षणवर्गांच्या टिपणांत लिहिलेले आणि ग्रंथपालांनी खुणा करून ठेवलेले सर्व दुवे त्या पत्त्याचे होते. परवाना मजकुराचे रक्षण करतो, नावाचे करीत नाही. ही बाब मुक्तस्रोताच्या प्रचारात फारशी सांगितली जात नाही.

परवान्याचा विषय निघालाच आहे म्हणून एक पोटविधान करतो. पुस्तिकेस कोडचाच परवाना लागू होतो असे अनेकजण गृहीत धरतात, ते नेहमीच खरे नसते. ग्नू प्रकल्पाने २००० मध्ये पुस्तिकांसाठी निराळा मुक्त परवाना काढला. त्यात काही प्रकरणे अपरिवर्तनीय ठेवण्याची मुभा होती. डेबियनच्या सदस्यांनी २००६ मध्ये मतदान घेऊन असे ठरवले की अशी अपरिवर्तनीय प्रकरणे असलेली पुस्तिका मुक्त मानता येणार नाही. आपल्या प्रकल्पात पुस्तिकेचा परवाना पहिल्याच पानावर स्पष्ट लिहिला तर पुढील भाषांतरकारास पत्रव्यवहार करावा लागत नाही.

फुकट जागेचा हिशेब

विनामूल्य मिळणाऱ्या जागेवर विसंबावे काय? जर्मनीतील बेर्लिओस ही सेवा २०१४ मध्ये बंद झाली. गूगल कोड २००६ मध्ये सुरू झाले होते. मार्च २०१५ मध्ये ते बंद करण्याची घोषणा झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये ते बंद झाले. पायथनच्या पॅकेज-भांडारात पुस्तिका चढवण्याची सोय पूर्वी होती. २०१८ मध्ये भांडाराची नवी रचना आली तेव्हा ती सोय त्यात नव्हती. या तिन्ही ठिकाणी ज्यांचा मूळ मजकूर स्वतःच्या भांडारात होता आणि पत्ता स्वतःच्या नावाचा होता त्यांचे नुकसान एका दुपारच्या कामापलीकडे झाले नाही.

ठेवण्याचा खर्च तरी किती, असे वाटू शकेल. मजकुराची पाने हलकी असतात. गिटहब पेजेसवर प्रकाशित स्थळास १ जीबीची आणि महिन्याच्या वाहतुकीस १०० जीबीची मर्यादा सांगितलेली आहे, आणि एखाद्या महाविद्यालयीन प्रकल्पास ती पुरून उरते. तथापि अलीकडे एक नवा भार आला आहे. भाषिक प्रारूपे घडवण्यासाठी मजकूर गोळा करणारे स्वयंचलित प्रोग्राम पुस्तिकांवर तुटून पडतात. रीड द डॉक्सने २०२४ मध्ये स्वतःचे आकडे प्रसिद्ध केले. त्यांनुसार मे २०२४ मध्ये अशा एकाच प्रोग्रामने ७३ टेराबाइट इतक्या फाइली उतरवल्या. त्यांपैकी जवळपास १० टेराबाइट एकाच दिवसात गेल्या, आणि वाहतुकीचे देयक ५,००० डॉलरहून अधिक झाले. तीच तीच फाइल, बदललेली नसतानाही, पुन्हा पुन्हा मागितली जात होती. दहा लोकांना पाणी मिळावे म्हणून बसवलेल्या नळाला कोणी मोटारपंप लावावा असा हा प्रकार आहे. या सेवेचा खर्च वाचकाचा माग न काढणाऱ्या साध्या जाहिरातींमधून आणि व्यावसायिक ग्राहकांच्या वर्गणीतून भागतो. यंत्र जाहिरात पाहत नाही. म्हणून असा भार वाढला तर फुकट जागेचा पायाच डळमळतो.

भारतातील शैक्षणिक संस्थांस .एसी.इन आणि .एज्यु.इन ही नावे अर्नेट इंडिया या संस्थेमार्फत मिळतात. विभागाच्या प्रकल्पास संस्थेच्या नावाखालील उपनाव मिळवणे आणि ते रीड द डॉक्ससारख्या सेवेकडे वळवणे शक्य असते. पाने दुसऱ्याच्या यंत्रावर राहतात, पण पाटी आपली राहते. सेवा बंद पडली तर उपनाव दुसरीकडे वळवावे लागते आणि वाचकास काही कळतही नाही. याउलट एखाद्या उत्साही प्राध्यापकाने स्वतःच्या कार्डाने .कॉम नाव घेतले असेल तर त्याच्या निवृत्तीनंतरच्या पहिल्या नूतनीकरणास ते नाव सुटते, आणि सुटलेली नावे घेऊन त्यांवर भलत्याच जाहिराती लावणारे लोक टपलेले असतात.

मराठी पुस्तिकेच्या विशेष अडचणी

मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पाने लाटेक, सायलॅब, पायथन, लिब्रेऑफिस अशा मुक्त सॉफ्टवेअरांची ध्वनिचित्रशिकवणी मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिली आहे. तिचा उपयोग निर्विवाद आहे. पण चित्रफितीतील एक वाक्य जुने झाले तर ते वाक्य पुन्हा मुद्रित करावे लागते, आणि तीत शोध घेता येत नाही. लिखित मराठी पुस्तिकेची गरज त्यामुळे कमी होत नाही.

स्फिंक्समध्ये अनुवादाची सोय चांगली आहे. मूळ पुस्तिकेतील प्रत्येक परिच्छेद एका सूचीत येतो आणि त्यासमोर अनुवाद लिहावयाचा असतो. मूळ परिच्छेद बदलला की त्याचा अनुवाद 'संशयित' म्हणून दाखवला जातो. न झालेला भाग मूळ भाषेत दिसत राहतो, म्हणून अपुरा अनुवादही प्रकाशित करता येतो. मात्र देवनागरीत लिहिणाऱ्यास तीन ठिकाणी ठेच लागते.

पहिली ठेच पीडीएफची. नेहमीचे लाटेक-यंत्र देवनागरी जोडाक्षरे हाताळत नाही. बांधणीच्या सूचनाफाइलीत झीलाटेक हे यंत्र निवडून देवनागरी टंकाचे नाव द्यावे लागते. दुसरी ठेच शीर्षकांच्या दुव्यांची, आणि ती अधिक फसवी आहे. स्फिंक्स प्रत्येक शीर्षकापासून दुव्याचे नाव तयार करते, पण त्यासाठी फक्त रोमी अक्षरे घेते. शीर्षक पूर्णपणे मराठी असेल तर हाती काहीच लागत नाही, आणि अशा शीर्षकांस आयडी१, आयडी२ अशी क्रमांकांची नावे मिळतात. पुढे मध्येच एक नवे शीर्षक घातले की नंतरचे सारे क्रमांक सरकतात. काल 'पुस्तक परत घेणे' या भागाकडे नेणारा दुवा आज 'दंड आकारणी' या भागाकडे नेतो, आणि कोठेही चूक झाल्याची सूचना मिळत नाही. प्रत्येक शीर्षकाआधी रोमी लिपीत एक कायमची खूण लिहून ठेवणे हा त्यावरील उपाय आहे. तो पहिल्याच दिवशी केला पाहिजे, कारण वाचकांनी एकदा दुवे वापरण्यास आरंभ केल्यावर तो करता येत नाही.

तिसरी ठेच शोधाची. पायथनच्या मूळ नियमित अभिव्यक्तींमध्ये शब्दाचे अक्षर कशास म्हणावे याची जी व्याख्या आहे तीत काना, वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्त ही चिन्हे बसत नाहीत. त्या व्याख्येने 'पुस्तक' हा शब्द तोडला तर 'प', 'स' आणि 'तक' असे तीन तुकडे पडतात. स्फिंक्सची अंगभूत शोधसोय शब्द वेगळे करण्यासाठी हीच व्याख्या वापरत आली आहे, आणि शब्दांची मूळ रूपे ओळखण्याची जी सोय तीत इंग्रजी, जर्मन, फ्रेंच इत्यादी भाषांसाठी आहे ती मराठीसाठी नाही. 'पुस्तके', 'पुस्तकांचे', 'पुस्तकास' ही एकाच शब्दाची रूपे आहेत हे तिला कळत नाही. म्हणून मराठी पुस्तिकेत शोधपेटीवर विसंबू नये. पुस्तकाच्या शेवटी पूर्वी असे तशी, माणसाने निवडलेल्या शब्दांची सूची द्यावी. स्फिंक्समध्ये तशी सूची करण्याची आज्ञा आहे आणि ती देवनागरीत चालते.

हस्तांतर

राहता राहिली एक गोष्ट, आणि ती तांत्रिक नाही. भांडार, पुस्तिकेची सेवा आणि नाव या तिन्हींच्या किल्ल्या निरनिराळ्या असतात. तिन्हींवर किमान दोन व्यक्तींचे अधिकार असावेत आणि त्यांपैकी एक अधिकार व्यक्तीच्या नव्हे, तर विभागाच्या ई-मेल पत्त्यावर असावा. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत ज्याप्रमाणे प्रत्येक ग्रंथाची नोंद होते, त्याप्रमाणे या तीन किल्ल्यांची नोंद विभागाच्या जड वस्तूंच्या नोंदवहीत करता येईल. पदभार सोडताना खुर्च्या-कपाटांची यादी जशी सही करून दिली जाते, त्या यादीत नावाच्या नूतनीकरणाची तारीख लिहावी. सॉफ्टवेअर हेरिटेज या २०१६ पासून सोर्स कोड जतन करणाऱ्या संग्रहात आपले भांडार नोंदवण्याची विनंतीही त्याच दिवशी पाठवता येते. पुस्तिकेचा मूळ मजकूर भांडारातच असेल, तर तोही त्याबरोबर जतन होतो.